दहावं नख

बाबांनी चारच्या बैठकीसाठी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, किल्ल्यांची जुडी कमरेला अडकवली आणि पावणेचारला पायाची नखं कापायला ते बाथरूममध्ये गेले. साडेचार वाजून गेले तरी बाहेर आले नव्हते.

दुकानावरच्या त्या एवढ्याशा खोलीत दोन मुलगे, एक मुलगी, एक सून, पाच खुर्च्या आणि बिस्किटांचा न फोडलेला पुडा त्यांची वाट बघत होता. बैठक बाबांबद्दल होती, म्हणून बाबांशिवाय ती सुरू करणं बरं दिसत नव्हतं. बाबा नसते तर ती पाच मिनिटांत आटोपली असती, हे मात्र प्रत्येकाला मनातून ठाऊक होतं.

शेवटी दादा उठला. वय छप्पन्न, तीस वर्षं बापाच्या हाताखाली खालच्या दुकानात कुलपं उघडण्यात गेलेली. त्यानं दारावर टकटक केली.

“बाबा, झालं का?”

त्यानं पुन्हा टकटक केली.

“बाबा! कुलूप अडकलं का?”

जरा वेळानं आतून आवाज आला, “हं.”

त्या एका “हं”नं खोलीतली हवाच बदलली. बाळ्या खुर्चीवरून ताडकन उठला. (अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस मोजके, शहराच्या दुसऱ्या टोकाला बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या कुलपांचं स्वतःचं दुकान, पण घरात अजून बाळ्याच.) ताईनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. त्या कागदावर बैठकीचे मुद्दे होते. आता मुद्दा एकच उरला होता.

कारण हे कुलूप साधंसुधं नव्हतं. बाळ्या सहा वर्षांचा असताना दार न वाजवता धाडकन आत घुसायचा, म्हणून बाबांनी ते स्वतः घडवलं होतं. आतून फिरवायची एक मूठ; ती एका ठरावीक क्रमानं तीनदा फिरवली की खटका बसणार, आणि उलट क्रमानं फिरवली की सुटणार. बाहेरून चावीचं भोकच नाही. बिजागऱ्यांच्या पिनासुद्धा बाबांनी ठोकून बोथट करून टाकल्या होत्या. चाळीस वर्षांत ते बाहेरून कुणी उघडलं नव्हतं. बाबा गिऱ्हाइकांना वर आणून दाखवायचे, आणि गिऱ्हाईकही बिचारं बाथरूमच्या दाराकडे भक्तिभावानं बघायचं.

“संपलं,” दादा हळूच म्हणाला. “स्वतःच्याच कुलपात.”

“जुडी,” बाळ्या त्याहून हळू म्हणाला.

जुडीचं असं होतं. गेली अकरा वर्षं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते, “ज्या दिवशी माझ्याच्यानं एखादं कुलूप उघडणार नाही, त्या दिवशी ही जुडी कमरेवरून काढून देईन. तोवर दुकान माझं.” हे झालं एक वचन. दुसरं ताईनं काढून घेतलेलं. मागं जिन्यात पाय घसरला तेव्हा आईच्या फोटोसमोर उभं करून तिनं बाबांकडून वदवून घेतलं होतं, “ज्या दिवशी मला कुणी हात दिल्याशिवाय उठता येणार नाही, त्या दिवशी ही वरची खोली सोडून तुझ्याकडे तळमजल्यावर राहायला येईन.” ताई इस्पितळात नर्स. तिच्यासमोर फसवाफसवी चालत नाही. सतरा पायऱ्या, खाली दुकान, वर खोली; बाबांचं सगळं राज्य एवढंच, आणि ते या दोन वचनांवर टांगलेलं होतं.

“अहो, जरा ओढून तर बघू का?” वहिनी, म्हणजे दादाची बायको, पुढं झाली. तिनं दाराच्या कडीला हात घातला.

“ओढू नकोस!” दोघं भाऊ एकदमच ओरडले. दादानं तर तिच्या हातावर चापट मारली, आणि मग आपण हे काय केलं म्हणून कावराबावरा झाला.

आता यात त्याची तरी काय चूक? बाबांचा पहिला धडाच तो होता. बंद कुलपाला आधी बघायचं, मग कान लावून ऐकायचं, मग विचार करायचा, आणि मगच हात लावायचा. ओढाओढ करतो तो कुलूपवाला नव्हे, तो चोर. लहानपणी कुणी नुसतं एखादं दार खेचलं तरी बोटांवर कानशीची मूठ बसायची. तिघांच्याही बोटांना ते अजून आठवत होतं. तेव्हा दादानं बघितलं. नीट दिसेना म्हणून तो चष्मा शोधू लागला. तो कपाळावरच होता, हे वहिनीनं सांगितलं. बाळ्यानं दाराला कान लावला. ताईनं विचार केला.

आत बुटक्या स्टुलावर बसलेले बाबा हे सगळं शब्द न् शब्द ऐकत होते.

खरं सांगायचं तर कुलूप अडकलंच नव्हतं. अडकले होते बाबा. नऊ नखं कापून झाली होती. दहावं, उजव्या पायाच्या करंगळीचं, हाताच्या टप्प्यात येईना. पूर्वी हा पाय असा लांब नव्हता. बाबा वाकले, अजून वाकले, पोट मध्ये आलं, श्वास मध्ये आला, आणि नेलकटर हातातून निसटून बादलीमागं जाऊन बसलं. ठीक आहे, म्हटलं, उठू या. पुढं झोका घेतला, एक, दोन, तीन. आणि गुडघ्यांनी आजच्या तारखेला काम करायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. पुन्हा एक, दोन, तीन. नळाला धरून उठता आलं असतं, पण गेल्या खेपेला नळच हातात आला होता, आणि त्याचं खापर बाबांनी नळवाल्यावर फोडलं होतं.

तेवढ्यात दादानं विचारलं, कुलूप अडकलं का. आणि बाबांच्या तोंडून “हं” निघून गेलं.

निघून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. कुलूप अडकलं म्हणावं तर जुडी जाते. गुडघे अडकले म्हणावं तर खोली जाते. आणि तिसरी एक गोष्ट होती, ती तर बाबांनी देवाशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. दार लावलेलंच नव्हतं. नुसतं ओढून घेतलेलं होतं, पावसाळ्यानं फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट बसलं होतं, बस्स.

“देवा,” बाबा पुटपुटले, “तूच बघ आता. मला काही सुचत नाही.”

बाहेर दोन तट पडले होते. ताईचं म्हणणं, सरळ दार फोडा, त्यांची रक्तदाबाची गोळी साडेचारची आहे. भावांना दार फोडणं हा शब्दच सहन होत नव्हता.

“फोडायला तो काय नारळ आहे?” दादा म्हणाला. “या दाराचं कुलूप फोडलं असं बाजारात कळलं तर उद्या दुकानात काळं कुत्रं येणार नाही.”

“दादा, तुला दुकानाचं पडलंय! आत आपला बाप आहे.”

“बाप आहे म्हणूनच सांगतोय. बाहेर आल्यावर आधी दार बघेल, मग आपल्याला.”

“ड्रिल,” बाळ्या म्हणाला. “मुठीच्या बरोबर तीन बोटं वर. खटक्याची स्प्रिंग तिथंच असणार.”

दादानं त्याच्याकडे बघितलं. गेलं वर्षभर हे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बाळ्यानं ते बोटाचे ठसे विकायला काढले तेव्हापासून. दादानं चष्मा खाली घेतला. “चार बोटं. बाबा स्प्रिंग नेहमी उंच बसवतात.”

“तुझी चार की माझी?”

“माझी.”

“मग तीन आणि चारच्या मध्ये,” बाळ्या म्हणाला, आणि दोघंही हसले. ताईला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. वर्षभर मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरतेय, यानं असं म्हटलं, त्यानं तसं म्हटलं, आणि यांचं जमलं कशावरून, तर बापाच्या दाराला भोक कुठं पाडायचं यावरून!

ड्रिल खाली दुकानात होतं. दोघं भाऊ ते आणायला निघाले. जाताना “जिन्यात सांभाळ” असं एकमेकांना तीनदा बजावून गेले. ताई गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन दाराशी उभी राहिली, मग दाराखालच्या फटीतून गोळी सरकवता येईल का हे ओणवी होऊन बघू लागली, आणि तिथून उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तो कुणी बघितला नाही ना, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. वहिनीनं बघितला होता. पण वहिनी त्याच क्षणी बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर वाचण्यात गुंग झाली.

वहिनीला कुलपाबद्दल काही माहीत नाही असं घरात सगळे धरून चालत. पण दर रविवारी हे बाथरूम धुवायला तीच यायची. त्या मुठीवर दोन वर्षांपासून धूळ बसते हे तिला माहीत होतं. वापरातल्या मुठीवर धूळ बसत नाही. शिवाय बाबा आत गेले की हल्ली मोठ्यानं गुणगुणायचे, त्यांच्या आईचं जुनं देवाचं गाणं, आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून. कुलूप लावणारा माणूस कशाला गुणगुणेल? हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्याची एखादी गोष्ट सुनेनं झाकली तर बिघडलं कुठं?

“ताई, मला वाटतं...”

“थांब वहिनी, आत्या आल्या.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी. सतरा पायऱ्या चढायला त्यांना बावीस मिनिटं लागली होती, कारण प्रत्येक पायरीवर थांबून त्या जिन्याला चार शब्द सुनावायच्या. वर आल्या, काठी टेकली, दम खाल्ला, आणि ताईनं घाईघाईनं सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तासभर तो आत आहे, आणि तुम्ही बाहेर सभा भरवलीय.”

“आत्या, ते कुलूप...”

“ते ऐकलं मी. तू खाली जा. त्या दोघांच्या हातात यंत्र आहे, कुणीतरी शहाणं माणूस जवळ हवं. आणि सूनबाई, तू चहा टाक.”

ताई गेली. वहिनी चहा टाकायला वळली, पण एक डोळा इकडेच ठेवून. आत्यांनी दारापाशी जाऊन काठी भिंतीला लावली, दोन्ही हातांनी कडी धरली आणि खस्सकन ओढली. दार उघडलं.

आत्यांना कुलूपवाल्यांचे नियम कधी कुणी शिकवलेच नव्हते.

“आक्का!” बाबा स्टुलावरून म्हणाले. “दार लाव आधी.”

आत्या आत शिरल्या, दार ओढून घेतलं. भावाकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, एक पाय ओला, एक कोरडा.

“गुडघे?”

“गुडघे.”

“मग ओरडायचं नाही का?”

“ओरडलो असतो तर ताई मला घेऊन गेली असती. तळमजल्यावर. तिच्याकडे खिडकीतून काय दिसतं ठाऊक आहे? दुसऱ्याची खिडकी.”

“दे हात.”

बाबांनी हात दिला. आत्यांनी ओढला. या ओढाओढीत बाबा तसूभर वर आले नाहीत. उलट आत्याच खाली आल्या. बादली पालथी होती म्हणून बरं, आत्या नेमक्या तिच्यावर बसल्या. दोघं भावंडं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसली आणि एकमेकांकडे बघत राहिली. मग आत्यांना हसू फुटलं. मग बाबांना. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दोघांनी तोंडावर हात धरले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी धान्याच्या कोठीत लपून बसले होते तेव्हा धरले होते, अगदी तस्सेच.

“आता?” बाबा डोळे पुसत म्हणाले.

“आता तुझं ते नख कापू. बसलोच आहोत.”

बादलीमागचं नेलकटर आत्यांच्या काठीनं पुढं आलं असतं, पण काठी बाहेर होती. ते त्यांनी पायानं ओढून घेतलं. बाबांचा पाय मांडीवर घेतला. आणि थांबल्या. चष्मा पिशवीत होता, पिशवीही बाहेर.

“करंगळी कुठली रे यातली?”

“आक्का, कडेची!”

“दोन कडा असतात. मला सगळं एकच दिसतंय.”

बाबांनी सूचना द्यायच्या आणि आत्यांनी कापायचं असं ठरलं. “डावीकडे घे. इतकं नाही. ते माझं बोट आहे, आक्का, नख पुढं आहे.” या गडबडीतच बाबा एकदम म्हणाले, “मी कुलूप लावत नाही हल्ली.”

“ते कळलं. दार उघडलं तेव्हाच.”

“दोन वर्षं झाली. एकदा लावलं आणि आतच विसरलो. डावीकडे दोनदा का उजवीकडे दोनदा. मी केलेलं कुलूप, आणि तासभर फिरवत बसलो. कसं सुटलं देव जाणे.” बाबा थांबले. “आक्का, दुकानातली कुलपं हातांना आठवतात. पण हे नाही आठवत. उद्या हातही विसरले तर?”

आत्यांनी नेलकटर खाली ठेवलं. “मी परवा देवापुढं दिवा लावला आणि हात जोडल्यावर काय मागायचं तेच विसरले. तशीच उभी राहिले. मग म्हटलं, तुला ठाऊक असेल, तू बघ. त्यानं काय बिघडलं? काम त्याच्याकडे गेलं.”

बाहेर जिन्यात पावलं वाजली. मग ड्रिल सुरू झाल्याचा घर्रर्र आवाज.

“तीन आणि चारच्या मध्ये,” दादाचा आवाज. “बाबा, दारापासून लांब व्हा! भोक पाडतोय!”

“पाडू नका!” आतून दोन आवाज आले.

बाहेर ड्रिल थांबलं. “दोन?” बाळ्या म्हणाला. “आत्या आत कशा गेल्या?”

तिघंही दाराकडे बघत उभे राहिले. तीस वर्षांचा अनुभव एका बाजूला, बोटाचे ठसे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये इस्पितळ. तेव्हा वहिनी चहाचं भांडं खाली ठेवून आली, दोघांच्या मधून हात घातला आणि दार ओढलं.

पुढचा प्रकार फार वेळ चालला. दादा बाबांना उचलायला वाकला आणि “आई गं” म्हणून वाकलेलाच राहिला. त्याची कंबर धरली. बाळ्या आत्यांसमोर उकिडवा बसला तर त्याचे गुडघे असे कडाडले, की ड्रिल पुन्हा सुरू झालं की काय असं वाटून सगळे दचकले. शेवटी ताईनं पदर खोचला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि इस्पितळातल्यासारखे हुकूम सोडले. पाय मागं घ्या. नाक पुढं. माझ्या खांद्यावर नाही, कोपरावर हात. आता. आधी आत्या उठल्या, मग बाबा, मग दादा.

सगळे खुर्च्यांवर बसले. दादा उशीवर. बाबांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि ताईकडे बघितलं.

“हात दिल्याशिवाय उठता आलं नाही,” ते म्हणाले. “आईच्या फोटोसमोर बोललो होतो. सामान भरू?”

ताईनं तोंड उघडलं. वर्षभर याच क्षणाची तयारी केली होती. पर्समध्ये कागदही होता. पण तिला आठवत होता तो मघाचा भिंतीचा आधार. इस्पितळात प्रत्येक बाथरूमच्या भिंतीला दांडा असतो. रोज तोच दांडा दाखवून ती परक्या म्हाताऱ्यांना सांगते, धरा आणि उठा, काही होत नाही. आणि इथं आपण भिंतीला दांडा लावायचा सोडून बापालाच हलवायला निघालो.

“बाळ्या,” ती म्हणाली, “भिंतीत पक्का बसेल असा दांडा किती वेळात लागेल?”

“ड्रिल वर आणलेलंच आहे.”

“दोन लाव. एक स्टुलापाशी, एक दारापाशी. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा. ते बुटकं स्टूल आजच बाहेर. आणि बाबा, तुमची नखं दर पंधरा दिवसांनी मी कापणार. नाही म्हणालात तर सामान मी भरीन.”

“आणि वचन?” बाबांनी विचारलं.

“आई माझी पण होती. मी बघते तिच्याकडे.”

बाबांचा चेहरा एवढासा झाला आणि मग मोठा झाला. त्यांनी कमरेला हात घातला आणि जुडी सोडवली. खुळखुळ आवाज झाला. दादा उशीवर सावरून बसला.

“बाबा, कुलूप लागलंच नव्हतं,” तो घाईनं म्हणाला. “म्हणजे तुम्ही हरला नाहीत.” तीस वर्षं तो या जुडीची वाट बघत होता, आणि आता ती समोर आल्यावर त्याला ती नकोशी झाली.

“लागलं असतं तर उघडता आलं नसतं,” बाबा म्हणाले. त्यांनी दोन वर्षांची सगळी गोष्ट सांगितली, डावं उजवं, तासभर, गुणगुणणं. कुणी हसलं नाही. ड्रिल हातात धरून उभ्या बाळ्यानंही मान खाली घातली. “मी तुम्हाला शिकवलं, बघा, ऐका, विचार करा. तुम्ही तिघांनी तासभर ते केलं. दार लावलंय की नाही, हे बघायचं सगळ्यांत आधी जिला सुचलं, तिला मात्र तुम्ही अडवलंत.” आणि त्यांनी जुडी वहिनीच्या हातात ठेवली.

“अगं बाई,” वहिनी म्हणाली.

“तिला कुलपातलं काय कळतं?” दादा म्हणाला.

“काही नाही,” वहिनी जुडी कमरेला अडकवत म्हणाली. “म्हणून तर उद्या सकाळी आठला तुम्ही यायचं, बाबांनी शेजारी बसायचं, आणि मी दार उघडून द्यायचं. हातावरच्या चापटीचं मग बघू.”

बाळ्याला एवढं हसू आलं की त्यानं ड्रिल खाली ठेवलं. दादानंही प्रयत्न केला, पण हसताना कंबर दुखत होती.

चहा झाला, बिस्किटांचा पुडा फुटला. बाळ्यानं दांडे बसवले, दादानं उशीवरून मापं सांगितली, दोनदा चुकीची. सहा वाजता बाबा उठले. हात कुणाचा घेतला नाही. खुर्चीचे हात धरून, नाक पुढं. “दांडा बघून येतो,” म्हणाले, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

आतून गुणगुणणं सुरू झालं. त्यांच्या आईचं ते देवाचं गाणं. खोलीतले पाचही जण ते ऐकत होते. पहिलं कडवं संपलं.

पुढं काहीच नाही.

ताई उठली. बाळ्या उठला. दादा उठता उठेना. वहिनीचा हात कडीवर गेला, आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

“आहे मी, आहे!” आतून बाबांचा आवाज आला. “बरा आहे. दुसरं कडवं आठवत नाही, एवढंच.”

आत्यांनी खुर्चीत डोळे मिटले, काठीवर बोटांनी ठेका धरला आणि दाराकडे तोंड करून दुसरं कडवं म्हणायला सुरुवात केली.